बाबांचा लाल मफलर आणि नवा क्वार्टरबॅक

पोर्ट कॉर्बिन,
रविवार, चर्चहून आल्याआल्या

तीर्थस्वरूप रुडीदादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार (कंबर वाकते तेवढा वाकून, बाकीचा मनातून समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? पेगीवहिनीचं ब्लडप्रेशर काय म्हणतंय? तिकडे ॲरिझोनात म्हणे आतापासूनच रस्त्यावर अंडं तळता येईल असं ऊन पडलंय. इथे मे उजाडला तरी तलावावरून असा वारा येतो की दोरीवर वाळत घातलेल्या चादरी शेजारच्या बाबियाकच्या अंगणात सापडतात. मी बरी आहे. रिटायर झाले तरी पहाटे अंधारात जाग येते, आणि आता शाळेची बस काढायची नाहीये हे आठवल्यावर पुन्हा झोप लागत नाही. मग स्वयंपाकघरात बसून रेडिओवर फुटबॉलची बडबड ऐकते. गावात दुसरा विषय नाही.

तुला कळलं असेलच, टीव्ही तिकडेही आहे. चेंडू फेकायला आपल्या टीमने नवा क्वार्टरबॅक उचललाय. गेल्या मोसमात आपण इतके हरलो की कॉलेजची पोरं निवडायच्या ड्राफ्टमध्ये आपला नंबर दुसरा लागला (सगळ्यात जास्त हरेल त्याला पहिला मिळतो, आपल्याला हरण्यातसुद्धा पहिलं येता आलं नाही). पोराचं नाव ब्रेक्सटन होल्ट. खोकल्याच्या औषधाचं असावं तसं नाव. फ्लोरिडाचा आहे, आणि फोटोत तरी त्याने बर्फ फक्त सरबतात पाहिलेला दिसतो. त्याच्याबद्दल मी या पत्रात एक अक्षर लिहिणार नाही. मला एवढंच कळवायचंय की बाबांच्या त्या दोन जागा मी सोडतेय. या महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं असतं, तर मी ‘नाही’ कळवणार. तू ॲरिझोनात गेल्यापासून शेजारची खुर्ची रिकामी असते, तिच्यावर मी माझा डबा ठेवते, आणि डब्याशी किती वेळ बोलणार? पोस्टातल्या बायका म्हणतात की मिली, ती जागा कुणाला तरी दे. कुणाला देऊ? बाबियाकला? तो राष्ट्रगीताच्या वेळीही खात असतो.

आता तू म्हणशील, जागा म्हणजे काय, प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या. म्हणू नकोस. जुनं स्टेडियम पाडून त्याच जागी नवं बांधलं तेव्हा बाबा कारखान्यातल्या भट्टीवरची पाळी संपवून, अंघोळही न करता रांगेत जाऊन उभे राहिले होते, का तर बाजू बदलायला नको. तीच तलावाकडची बाजू, आपल्या टीमच्या बाकामागची सातवी रांग. आठवतं ना, जुन्या स्टेडियममध्ये जागा तीन होत्या, आपण दोघं बाबांच्या दोन बाजूंना बसायचो, बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, मांडीवर एकच घोंगडी, आणि थर्मासमधलं ते आईचं कोबीचं सूप (तुला आवडायचं नाही, तू ते खुर्चीखाली ओतायचास आणि मी कधीच सांगितलं नाही). प्रत्येक नवा क्वार्टरबॅक आला की बाबा म्हणायचे, हाच तो. एक होता तो फेकताना डोळे मिटायचा. एक मिशीवाला होता, त्याच्यामुळे तू मिशी ठेवलीस. तो दोन हिवाळ्यांत टीम सोडून गेला, तुझी मिशी लग्नापर्यंत राहिली. एक तर इतका देखणा होता की आईसुद्धा एकदा सामन्याला आली, आणि त्याने चेंडू सरळ विरोधी टीमच्या हातात दिल्यावर ‘हात मऊ दिसतात बिचाऱ्याचे’ म्हणाली. सगळे ‘हाच तो’ होते. शिव्या देऊन देऊन आपण त्यांना घरचं करून टाकायचो, आणि घरचा झाला की टीम त्याला हाकलायची.

आणि तो मफलर. आईने उरल्यासुरल्या लोकरीतून विणलेला, लालभडक, अख्ख्या निळ्या स्टेडियममध्ये एकटा लाल. विरोधी टीमचा रंग लाल असला की मागच्या रांगेतून काय काय टोमणे यायचे. आपल्या हातात चेंडू आला की बाबा उठून उभे राहायचे आणि मफलर एका टोकाला धरून हात उंच करायचे. का, तर क्वार्टरबॅकला वारा कळावा म्हणून. गोलच्या खांबांवरची फडकी फक्त वरचा वारा सांगतात, खालचा वारा तलावाच्या बाजूने चोरून येतो आणि भिंतीवर आपटून उलटा फिरतो, असं ते म्हणायचे. ‘तो बघतो माझ्याकडे, फेकायच्या आधी बघतो,’ हेही म्हणायचे. तू टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचास. त्यात माझंही हसू असायचं, नाही म्हणत नाही, पण तू जास्त हसायचास दादा. एवढ्या माणसांत तो भट्टीवाल्या हृवनाकच्या मफलरकडे बघतोय, असं तू थँक्सगिव्हिंगच्या जेवणात सगळ्या मामे-मावस भावंडांना करून दाखवायचास, हातात रुमाल धरून, खुर्चीवर चढून. बाबाही हसायचे. पण पुढच्या रविवारी पुन्हा हात वर. बाबांचा आवाज माझ्याकडे आला आणि उंची तुझ्याकडे गेली, ही वाटणी तेव्हापासून सगळ्या गावाला माहीत आहे. (बाबा गेल्यावर मफलर तू घेतलास. मी काही बोलले नाही. ॲरिझोनात लोकरीचा मफलर कशाला लागतो, हेही विचारलं नाही. आताही विचारत नाही.)

असो. ड्राफ्टच्या दिवशी काय झालं ते सांगते, म्हणजे मी जागा का सोडतेय ते तुला कळेल. चर्चच्या हॉलचा बॉयलर गेला, त्याच्या मदतीसाठी आम्ही बायकांच्या मंडळाने जेवण ठेवलं होतं, उकडलेल्या करंज्यांसारख्या आपल्या पिरोगीचं. सोडतीचं तिकीट काढायला पाहुणा म्हणून मी स्वतः ग्लेन टॅकेटला बोलावलं होतं. म्हणजे आपला सध्याचा क्वार्टरबॅक. त्याच्या मुली आपल्याच चर्चच्या शाळेत आहेत, मी त्यांना बसमधून नेलंय. माणूस इतका सरळ की बर्फ पडला की शेजारच्या म्हातारीचंही अंगण साफ करतो. फक्त चेंडू तेवढा सरळ जात नाही. त्याच जेवणाला पुरुषांच्या मंडळाने आपल्या मनाने हॉलमध्ये मोठा टीव्ही लावला, ड्राफ्ट बघायला. दोन मंडळांचं एकमेकांशी बोलणं नाही (कॉफीच्या भांड्यावरून झालेलं भांडण अजून तसंच आहे), त्यामुळे आम्हाला टीव्हीचं माहीत नाही आणि त्यांना टॅकेटचं माहीत नाही. फादर एमिलना दोन्ही माहीत होतं, पण त्यांना वाटलं, किती छान, सगळे एकत्र येतायत. तसं कुणालाच भय नव्हतं. सगळे पेपरवाले महिनाभर सांगत होते की टीम या वेळी बचावातला धिप्पाड गडी घेणार.

टॅकेट स्टेजवर गेला, तिकिटांच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला, आणि तेवढ्यात टीव्हीवर नाव आलं. क्वार्टरबॅक, ब्रेक्सटन होल्ट.

दादा, हॉल असा फुटला की बॉयलर असता तर तोही गेला असता. बाबियाकने पिरोगीचं ताट हवेत उडवलं. डॉक्टरांनी चालायची मनाई केलेला म्हातारा युरकोविच उडी मारून उभा राहिला. आणि सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं? तुझी बहीण. खुर्चीवर उभी राहून, ॲप्रन गरगर फिरवत, सुटलो रे देवा, सुटलो, असं. बाबांच्या आवाजात. मग हळूहळू एकेकाची नजर स्टेजकडे गेली आणि एकेक जण बसत गेला. मी सगळ्यांत शेवटी बसले, कारण खुर्चीवरून उतरायला मला वेळ लागतो. टॅकेटचा हात अजून पिंपातच होता. टीमने त्याला फोनसुद्धा केला नव्हता रे. बातमी त्याला आमच्याबरोबर कळली, आमच्या ओरडण्यातून.

दुसरा कुणी असता तर निघून गेला असता. त्याने तिकीट काढलं, घसा खाकरला आणि नंबर वाचला. कुणी उठेना. पुन्हा वाचला. मी ॲप्रनच्या खिशातलं तिकीट काढून बघितलं तर नंबर माझा. बक्षीस काय होतं विचार. टॅकेटच्या सहीचा, टॅकेटच्या नावाचा सदरा. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला, पण खाली तळघर आहे आणि तिथे पुरुषांचं मंडळ बियर ठेवतं. गेले स्टेजवर. तो सदरा माझ्या हातात देत हळूच म्हणाला, “मिली, तो आवाज तुमचा होता होय? सातव्या रांगेतला. गेली इतकी वर्षं ‘अरे फेक ना एकदाचा’ ऐकतोय, पण माणूस कोण ते माहीत नव्हतं.” मी सॉरी म्हणाले. तो म्हणाला, सॉरी कशाला, फेकायला मलाच उशीर व्हायचा.

मग तो आमच्या टेबलावर येऊन बसला आणि पिरोगी खायला लागला. नुसते काटे वाजत होते. तोच म्हणाला की पोरगा चांगला आहे, हात जोरदार आहे, फक्त आपला वारा त्याला कळणार नाही, तो कळायला कुणीतरी लागतं. आणि मला विचारलं, “तुमच्या शेजारी एक उंच आजोबा असायचे ना? लाल मफलरवाले?”

मी म्हटलं, हो, तुम्हाला कसे माहीत? टॅकेट म्हणाला, मी नवा आलो तेव्हा जुन्या खेळाडूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, खांबावरची फडकी बघू नकोस, सातव्या रांगेतला लाल मफलर बघ. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलेलं. तो अख्खा मोसम मी फेकायच्या आधी तिकडे बघायचो. पुढच्या वर्षी ते दिसलेच नाहीत. मला वाटलं, जागा बदलली असेल.

टॅकेटचा पहिला मोसम तो बाबांचा शेवटचा, हे तुला आठवतंय का? आणि त्याच मोसमात आपण जिंकत होतो, हेही? मी त्याला सांगितलं की ते माझे वडील, आणि ते गेले. त्याने काटा ठेवला. म्हणाला, कळलं असतं तर मयताला आलो असतो. मग मी रडले. भर हॉलमध्ये, त्याच्याच नावाच्या सदऱ्यात नाक खुपसून. बाबा खरं बोलत होते दादा. आयुष्यभर खरं बोलत होते, आणि आपण रुमाल धरून नकला करत होतो.

दुसऱ्या दिवशी काय झालं तेही ऐक, म्हणजे तुझ्या डोळ्यातलं पाणी जाईल. गावाला अपराधी वाटायला लागलं की गाव शिजवतं, हे तुला माहीत आहे. सकाळी टॅकेटच्या दारात झाकलेल्या भांड्यांची रांग, कोबीचे रोल, शेवयांचे केक, तीन प्रकारचं हॅम, मयताच्या घरी पोचवतात तसं सगळं. त्याच्या बायकोने घाबरून फादरना फोन केला की आमच्याकडचं कोण गेलंय ते तरी सांगा. आणि कालपर्यंत ज्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली तेच आता न्हाव्याच्या दुकानात म्हणतात, टॅकेटसारखा माणूस पुन्हा होणे नाही, ती नवी औषधाची बाटली काय खेळणार. त्यात मीही आहे. तरी रात्री एकटी असताना मी त्या पोराच्या कॉलेजातल्या फेकी बघते. हाच तो, असं वाटतं. स्वतःचीच लाज वाटते आणि तरी बघते. टॅकेट बहुतेक दुसऱ्या गावाला जाईल. त्याच्या मुलींनी मला विचारलं, तिकडे बस कोण चालवतं.

तर अशा माणसांत आणि अशा टीममध्ये मला आता राहायचं नाही. म्हणून जागा सोडतेय. माझा निश्चय ठाम आहे. पेगीवहिनीला नमस्कार, नातवंडांना पापे, गुडघ्यांना शेक.

तुझी,
मिली

ता. क. जागा सोडल्या नाहीत. परवाच ‘हो’ कळवून टाकलं, दोन्हींचं.

ता. क. २. मफलर धुतला असशील तर मला सांगू नकोस. धुतला नसशील तर धुऊ नकोस. आणि पार्सलने पाठवू नकोस, पार्सल हरवतात. (टॅकेटने त्या पोराला फोन करून सातवी रांग सांगून ठेवलीय. मला फादरकडून कळलं.)

ता. क. ३. मी घरी झाडूला लाल टॉवेल बांधून खुर्चीवर चढून बघितलं. स्टेडियममध्ये झाडू आत नेऊ देत नाहीत, आणि नुसत्या हाताने मी उभी राहिले तर पुढच्या रांगेतल्या बाबियाकच्या टोपीच्या वर माझा हात जात नाही. पहिला सामना सप्टेंबरात आहे. तिकडच्या टीमची टोपी घालून आलास तर दार उघडणार नाही, पण ये. आवाज इथे आहे. उंची घेऊन ये.