स्वारींचं शेवटचं भाषण

आदरणीय हॉनर वन्संना धाकट्या भावजयीचा, थॉमसिनचा, वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? (राणीसाहेबांपुढे दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय थट्टा आहे!) इथे मुलं बरी आहेत. तुमचे बंधुराज, वेल्बर्नचे अर्ल, तेही बरे आहेत, म्हणजे डोकं धडावर आहे. ते कसं राहिलं हे दरबारात तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून मीच लिहिते.

राजेसाहेबांपेक्षा त्यांचा घोडा शहाणा, असं भर जेवणात इकडून बोलणं झालं आणि माझा भाऊ जोसलिन त्यावर हसला. एवढाच दोघांचा राजद्रोह. बोलणाऱ्यालाही कुऱ्हाड, हसणाऱ्यालाही कुऱ्हाड. लंडनच्या किल्ल्यात दोघांना शेजारशेजारच्या कोठड्या मिळाल्या. जोसलिन पहारेकऱ्यांशी पत्ते कुटायचा. स्वारींनी मात्र मरतानाचं भाषण लिहायला घेतलं. मी भाजलेले तितर घेऊन जायची आणि ऐकत बसायची. पणजोबांच्या लढाया आल्या, शिकारी कुत्र्यांच्या जाती आल्या. मी म्हटलं, "अहो, यात मुलांचं नाव कुठेच नाही." तर म्हणे, "पुढे येतं." (अजून आलेलं नाही.) थोडं आवरतं घ्या म्हटलं, तर दोन दिवस अबोला.

शिरच्छेदाच्या दिवशी मी गर्दीत उभी होते. चौथऱ्यावर चढल्यावर यांनी मानापमान काढला! मी अर्ल, हा साधा सरदार, मग पहिला मान याचा कसा? जोसलिन हसून म्हणाला, "दाजी, तुम्ही या सावकाश. मी पुढे जाऊन जागा धरतो." मग लोकांकडे वळून म्हणाला, "माझा कोणावर राग नाही. माझ्या बहिणीला सांभाळा." एवढंच. आणि गुडघे टेकले.

नंतर हे बोलायला उभे राहिले. वन्सं, जल्लादसुद्धा कुऱ्हाडीवर रेलून जांभया देत होता. पणजोबांची दुसरी लढाई ऐन रंगात आली आणि राजेसाहेबांचा स्वार माफीचा हुकूम घेऊन पोचला. वाटेत पुलावर मेंढ्या आडव्या आल्या, म्हणून उशीर झाला म्हणे. हुकूम मोठ्याने वाचला. माफी दोघांनाही होती. आधी जोसलिनचं नाव वाचलं आणि वाचणारा सवयीने उत्तरासाठी थांबला.

आता स्वारी सांगत सुटली आहे की आपल्या वाणीने प्राण वाचले. उरलेलं भाषण रोज जेवताना चालतं, नोकर ताटं धरून उभे, रस्सा गार. काल मात्र मध्येच थांबले. मानेवर हात ठेवून मला विचारलं, "तो का गं नाही बोलला जरा जास्त?" मी उठून आत गेले.

तुमचा लोभ आहे तेवढा टिकवा, वाढवा म्हणत नाही.

तुमची,
थॉमसिन

ता. क. खरं काम राहिलंच. जोसलिनला किल्ल्यातच कुठेतरी पुरलंय. त्याला इथे आमच्या चर्चच्या आवारात आणायची परवानगी हवी. राणीसाहेबांच्या कानावर घाला. पाया पडते.

आणखी एक. त्याला माती देताना आपण चार शब्द बोलणार, असं यांचं म्हणणं आहे. आधी वाटलं, तुम्हालाच सांगावं की यांना गप्प करा. पण नको. बोलू देत, हवं तेवढं बोलू देत. हे बोलत राहतील तोवर तरी जोसलिन मातीच्या वर राहील.