फोकससाठी उभी केलेली

११ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! हिंगोली ते लोधिवली, कंबरेचे पार तुकडे. पण खोली बघितली आणि शीण गेला. सोनुबाईंच्या घरामागची सुटी खोली आहे, मोरपंखी भिंती, एक खाट आणि एक भलीमोठी खिडकी. खिडकीतून कापणी झालेली भातखाचरं दिसतात, पलीकडे जुन्या हायवेवरचे ट्रक. बाबांनी जाड चष्मा सावरत नळ, कडी, बल्ब सगळं स्वतः तपासलं. मग सोनुबाईंना माझ्या सर्दीपासून आवडीनिवडीपर्यंत इत्थंभूत माहिती दिली. आई गेल्यापासून आम्ही दोघंच, त्यामुळे त्यांचं हे असंच चालतं. परतीच्या एसटीत चढताना मात्र माझ्याकडे न बघता पिशवीच नीट करत राहिले. मी हसून हात हलवला. उद्यापासून मी, हर्षला, फोटोग्राफीची विद्यार्थिनी! कॅमेरा जुना घेतलेला आहे, पण मला तो नवाकोराच.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेज चौक गावाजवळ आहे. वर्गातले सगळे पनवेल नाहीतर खोपोलीचे. तास संपला की व्हॅन भरते आणि सगळे भुर्र. मग मी आणि रस्त्याकडेची गॅरेजं. प्रवेश उशिरा घेतला, तोवर साऱ्यांच्या जोड्या जमून गेल्या होत्या.

देवेश सरांनी पहिला प्रकल्प दिला. प्रकाश आणि फोकसशी खेळत एका माणसाचे फोटो काढायचे. फुलं, पाखरं, डोंगर चालणार नाहीत, माणूसच हवा. मी शेजारच्या बाकावरच्या भाविकाला विचारलं, तर ती म्हणाली की आमची जोडी ठरलीय, तिघींत गोंधळ होईल. बरोबरच आहे म्हणा. मग मीच माझी मॉडेल! पण मी कॅमेऱ्यामागे असताना फोकस धरायचा कुणावर? सर म्हणाले की आपल्या जागी काहीतरी उभं करावं, त्यावर फोकस पक्का करावा, मग ते बाजूला काढून आपण तिथं जाऊन उभं राहावं. सोपं आहे.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आज मजा आली. सोनुबाईंकडून एक गळकं मडकं मागून घेतलं आणि लाइटच्या स्टँडवर उपडं घातलं. खाली माझा पिवळा कुर्ता, कालच अंगातून काढलेला, आणि वर ओढणी. माझ्या कॅमेऱ्याला माणसाचे डोळे शोधून फोकस धरता येतो, पण मडक्याला डोळे कुठले? काजळाने काढले. हिरवा चौकोन लगेच त्यांच्यावर जाऊन बसला.

खिडकीला जाड चादर लावून भर दुपारी अंधार केला. पिठाच्या चाळणीतून टॉर्च मारला तर चेहऱ्यावर ठिपकेच ठिपके. शटर बराच वेळ उघडं ठेवून टॉर्च फिरवला तर हवेत उजेडाच्या रेघा. मडकीबाईंचं नाव ठेवलं मॅडम. जेवताना तिला समोर बसवून गप्पाही मारल्या. कुणाला हसायचं तर हसू दे. आठवडाभरात माझ्याशी ‘सरक जरा’ यापलीकडे कुणी बोललेलं नाही, आणि मला बोलायला माणूस लागतं.

सोनुबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. म्हणाल्या, “आगं पोरी, आमी शेतात बुजगावणं करतो, तं त्याला जित्या मान्साचं अंगावरचं कापड घालत नाय. आन् डोळं तं नायच काढत. रिकाम्या पाळण्याला कुणी झोका देतं का गं? पुस ते.” मी हो म्हटलं. प्रकल्प झाला की पुसणारच आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

फोटो मोठे करून पाहिले. एकही धड नाही. फोकस पक्का करून मी मॅडमला कोपऱ्यात सरकवलं होतं आणि तिच्या जागी उभी राहिले होते. तरी प्रत्येक फोटोत कोपऱ्यातली मॅडमच स्पष्ट, कुर्त्याचा धागा न् धागा मोजावा अशी. पुढे मी, धुरकट.

सरांचं म्हणणं, नवशिक्यांचं होतं असं, चुकून फोकसची रिंग फिरते. मी संध्याकाळी परत काढले. कॅमेऱ्याचा स्क्रीन माझ्याकडे वळवून मुद्दाम तोंड जवळ नेलं. हिरवा चौकोन माझ्या चेहऱ्यावर क्षणभर थांबला आणि मला ओलांडून कोपऱ्यात गेला.

मॅडमला म्हटलं, तुझाच थाट आहे बाई. गंमत म्हणूनच म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सोनुबाईंनी विचारलं, दुपारी पायरीवर उन्हात बसली होतीस, हाक मारली तर नुसतं बघून हसलीस, राग आला का कसला? दुपारी मी कॉलेजात होते.

कुठला कुर्ता होता, ते मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

मॅडम कोपऱ्यातच होती. तोंड मात्र दाराकडे. मी भिंतीकडे करून गेले होते, असं वाटतं. वाटतं काय, गेलेच होते.

२५ नोव्हेंबर, सोमवार

सरांनी वर्गात पडद्यावर एक फोटो लावला. पिवळ्या कुर्त्यातली मुलगी, चेहऱ्यावर चाळणीचे ठिपके, हनुवटीवर तीळ. माझा तीळ. इतकी मोकळी हसत होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. सर म्हणाले, जमलं की हर्षला, हा माणूस दिसला खरा.

हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. भाविका तिकडे वळून हसली. टाळ्या वाजल्या.

तो फोटो मी काढलेला नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

डोळे पुसायला ओलं फडकं घेऊन गेले. स्टँडवर कुर्ता नाही. मडकं आहे, पण त्यावर डोळे नाहीत. पुसलेलेही नाहीत, काजळाचा डागसुद्धा नाही. कधी काढलेच नव्हते असं कोरं.

मग डोळे गेले कुठं —

सोनुबाईंकडे धावले. त्या तांदूळ निवडत होत्या. हाका मारल्या. त्यांनी मान वर केली, माझ्या आरपार अंगणात बघितलं. “कोन हाय रं?” म्हणाल्या. मी अगदी त्यांच्या पुढ्यात उभी होते. त्या उठून दार लावून घ्यायला गेल्या. मी पायरीवर बसून रडले, हमसून हमसून. कुणी विचारायला आलं नाही.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

मोबाइल माझा चेहरा ओळखत नाही. आकडे दाबून उघडला. बाबांचा मेसेज — काल किती दिवसांनी पोटभर बोललीस, बरं वाटलं. रविवारी येतो.

काल मी बोललेच नाही.

फोन लावला. बाबा हॅलो हॅलो म्हणत राहिले. मी ओरडत होते. आवाज येत नाही गं, म्हणाले, आणि ठेवला.

लिहिलं, तर मेसेज जातच नाही. आरशात मी आहे, पण कडा नाहीत. काच पुसून पाहिली.

रविवारी बाबा येतील. त्यांनी ओळखलं की झालं. मला नखशिखांत ओळखतात ते. त्यांनीच नाही ओळखलं तर —

१ डिसेंबर, रविवार

बाबा आले. अंगणात आहेत, खुर्चीवर. ती शेजारी. पिवळा कुर्ता. त्यांनी आणलेला डिंकाचा लाडू खातेय. मला डिंकाचे लाडू इतके आवडतात —

मी समोर पायरीवर बसून लिहितेय. हाका मारून झाल्या. हात धरला त्यांचा. त्यांनी माशी झटकावी तसा झटकला.

खूश आहेत. इतके खूश मी कधी — तिला म्हणतायत, थोडे दिवस घरी चल. सोनुबाईंनी तिला डबा बांधून दिला. दोघं उठली.

घाम पुसायला बाबांनी चष्मा काढला. आणि थांबले. इकडे बघतायत. चष्म्याशिवाय त्यांना सगळं धुरकट दिसतं — मी दिसले. मी दिसले त्यांना! हर्षू, म्हणाले. एक पाऊल आले. डोळे बारीक करून —

तिने हसत चष्मा त्यांच्या हातातून घेतला, ओढणीने पुसला. त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

बाबा बघतायत. मान हलवली. काही नाही गं, भास झाला, म्हणाले.

निघाली. फाटकापाशी गेली — बाबा, मी इथं — एकदा, फक्त एकदा काढा तो चष्मा, बाबा, काढा ना, मी अजून इथं आ