उजवाच हात

नंदनवन, नागपूर
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. भूमिकास,
प्रेमिलाआजीचा सप्रेम जयभीम अन् पोटभर आशीर्वाद.

आजी म्हणजे कोण, ते आधी सांगा लागन. तू पहिल्यापासून विसराळू. तर मी तुझ्या बापाची माय. दात सात, रंग सावळा, डोक्यावर पदर. फोनवर तुले ते कुत्र्याचं पिल्लू दिसते ना? त्याच्या कानामागं खाटेवर लुगड्याचा एक तुकडा दिसते. तो तुकडा म्हणजे मी.

इकडं सगळे मजेत आहो. तुझा बाप रविंद्र ऑफिस अन् टीव्ही करून राहिला. तुझी माय सरिता, तिची कंबर आता बरी आहे. थंडी गजब पडली. सकाळी टोंगळे उठू देत नाही अन् बोटं अशी वाकडी झाली की चहाचा कप दोन्ही हातांनी धरा लागते. डॉक्टर म्हणे गुडघ्यांत अन् बोटांत संधिवात आहे, वयानं येते. म्हटलं, वयानं आला तर वयाकडं जा म्हणा, माझ्या बोटात काहून घुसला?

हे पत्र प्रमोदिनी लिहून राहिली. आपल्या खालच्या मजल्यावरची, कचेरीत टायपिस्ट होती ते. बसल्याबरोबर तिनं 'पत्रास कारण की' लिहिलं. मी म्हटलं, "खोड ते. कारण मी माझ्या टाइमावर सांगीन." फोनवर काहून नाही सांगितलं म्हणशील, तर फोन सरिताचा, कान सगळ्यांचे, अन् तोंड त्या पिल्लाचं. पुण्याहून तुझा फोन आला की पहिला शब्द, "मफिन कुठं आहे?" दुसरा, "मफिननं खाल्लं का?" माझा नंबर येतेपर्यंत तुझी चार्जिंग संपते. पत्राचं बरं आहे. त्याले वाचता येत नाही. मलेही येत नाही म्हणा, पण मी सांगू तरी शकते.

पार्सल भेटलं होतं, ते सांगायचं राहिलं. त्याले बिस्किटाचा डबा, रबराचं हाडूक, नाव लिहिलेलं ताट. मले टोंगळ्याचा पट्टा. म्हणजे कुत्र्याले खायचं अन् आजीले पट्टा. सरिता पोट धरून हसली. मी नाही हसली. त्याचं एक बिस्किट खाऊन पाहिलं मी. मीठ कमी आहे.

आता त्याचे गुण ऐक. चार-साडेचार महिन्यांचं पोट्टं, दात सुईसारखे. रविंद्र घरी आला की त्याचे बूट चाटते. सरिताच्या मांडीवर पाय वर करून झोपते. दूधवाल्याले पाहून एवढी शेपटी हलवते की मागचं अर्धं अंग हलते. आतासुद्धा प्रमोदिनीच्या पायावर हनुवटी ठेवून पडला आहे. तिचा अन् त्याचा काय संबंध? भाकर मी मोडून देते, पाय तिचे!

चावते फक्त मले. मलेही सगळीकडं नाही. डावा हात दिला तर चाटते. उजवा दिसला की धरलाच. त्या हाताले मी रात्री तेल लावून एक जुनं फडकं गुंडाळते, ऊब राहाले पाहिजे म्हणून. बरोब्बर त्याच दुखऱ्या हातावर त्याचा नेम. माझी बोटं वळत नाही, सोडवू कशी? सरिता येईपर्यंत हात त्याच्या तोंडात देऊन बसा लागते.

मागल्या गुरुवारी त्याचा दात फडक्यातून आर-पार अंगठ्यात गेला. रक्त आलं. रविंद्रनं गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, इंजेक्शन झालं. पण त्या दिवशीची संध्याकाळ सांगते तुले. रविंद्र टीव्ही न लावता दोन घंटे माझ्या खाटेवर बसून होता. सरितानं मऊ भात कालवून हातानं भरवला. तो गॅलरीत बांधून. त्याच्याकडं कोणी ढुंकून पाहिलं नाही. अन् मी, जेवढं दुखत होतं त्याच्याहून जास्त कण्हली.

प्रमोदिनी, हे लिहिलं का? वाचून दाखव बरं. हं. राहू दे.

मग रविंद्र म्हणे, "आई, आता बस झालं. याले कुही गावाले पिंकीकडं देऊन टाकू. धानाचं शेत आहे, पडला राहीन तिथं." पिंकी म्हणजे माझी भाची, तुले आठवत असन तर. ती सव्वीस तारखेच्या सुट्टीत त्याले न्याले येऊन राहिली. तुले सांगितलं नाही, नेल्यावर सांगू म्हणतात, नाहीतर तू रडशील. मी म्हटलं, "तुमची मर्जी बाप्पा." अन् तोंडावर पांघरूण घेतलं. पांघरुणाच्या आत मी हसली वं, पोरी.

आता लिही प्रमोदिनी, 'पत्रास कारण की'.

परवा मी आंघोळीले गेली तर फडकं खाटेवरच राहिलं. येऊन पाहते तर फडकं नाही. तो खाटेखाली. म्हटलं, फाडलं मेल्यानं! काठी घेतली अन् वाकली. माझं वाकणं म्हणजे पाव घंट्याचं काम. पाहते तर फडक्याले एक भोक नाही. गोल करून त्यात नाक खुपसून झोपला होता. मी उजवा हात, उघडाच, त्याच्यापुढं केला. म्हटलं, "चाव." त्यानं एक डोळा उघडला अन् हात चाटला. दुखरा अंगठासुद्धा चाटला.

म्हणजे वैर हाताशी नव्हतं त्याचं.

ते फडकं कोणतं, विचार ना! तू जायच्या दिवशी एका ओढणीसाठी घरभर नाचली होती. पिवळी, लाल काठाची. कपाट उलटं केलं, बापावर ओरडली, खाली ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला. अन् मी खाटेवर बसून म्हणत होती, "मैत्रिणीकडं विसरली असशील. तू विसराळूच आहे."

तू विसरली नव्हती. ओढणी गादीखाली होती अन् गादीवर मी होती.

वाडीच्या गोदामापाशी ट्रकच्या चाकाखालून तू त्याले उचललं, ते याच ओढणीत गुंडाळून आणलं. महिनाभर तो तुझ्या मांडीवर हिचाच कोपरा तोंडात धरून झोपत होता. तू गेली. मी ती हाताले बांधली अन् त्याले चावरा म्हटलं. तो माझा हात खात नव्हता. आपली चीज मागत होता. हक्क त्याचा, चोर मी, अन् कुहीले जाणार तो.

लाल काठ आत दडवून गुंडाळत होती, म्हणून कोणी ओळखली नाही. सरिता तीनदा म्हणाली, "आई, द्या ते फडकं, तेलकट झालं, मशीनमध्ये टाकते." दोन महिन्यांत मी एकदाही धुवू दिलं नाही. आता प्रमोदिनी मले विचारून राहिली, काहून नाही दिलं? मी म्हटलं, साबणानं कापड कडक होते. तिनं तेच लिहिलं आहे.

तर काम असं आहे. सव्वीसच्या आत बापाले फोन लाव. म्हण, मफिनले कुठंच द्यायचं नाही. कोणं सांगितलं म्हणन, तर स्वप्न पडलं म्हण. माझं नाव घेऊ नको. तो म्हणन, "आई, तूच तर कण्हत होती!" अन् मग खरोखर दुखन त्या दिवशीही टीव्ही लावून बसन.

पण तू विसरली, तर सव्वीसले पिंकी दारात आल्यावर मलेच सांगा लागन. सांगीन. त्याले जाऊ देणार नाही. तरी तू विसरू नको माय. माझी लाज राहू दे.

ओढणी परत मागू नको. अडीच मीटरची आहे, दोघांले पुरते. एक टोक माझ्या हाताले गुंडाळते, दुसरं खाली सोडते, त्याच्यावर तो झोपते. कोणाले उठायचं असलं तर दोघांले संगं उठा लागते. ओढणी त्याच्याकडं जास्त जाऊन राहिली, म्हणून रोज चार बोटं मी हळूच वर ओढून घेते.

खाली अंगठा लावला आहे. प्रमोदिनीनं शाईचा पॅड खाली ठेवला तर यानं त्यात पाय दिला. लहान ठसा त्याचा. माझ्यापेक्षा नीट उठला, दिसून राहिलं मले.

तुझी, गादीवर बसलेली,
आजी

ता. क. आता पार्सल पाठवशील तर त्याच्यासाठी बिस्किटं पाठव, अन् माझ्यासाठी साजूक तुपातली नानखटाई, नरम, सात दातांनी खाता येईन अशी. डब्यांवर नावं लिहू नको, वाचता दोघांलेही येत नाही. माझ्या डब्याले लाल दोरी बांध. अन् उचलून पाहजो, माझा डबा त्याच्यापेक्षा जड पाहिजे.