एक पाव म्हणजे केवढा

२५ ऑक्टोबर, शनिवार

फ्रिजवर कागद चिकटवलाय. माझ्या फ्रिजवर! माझा नवरा एल्रॉय गेल्यापासून त्या दारावर चर्चच्या कॅलेंडरशिवाय काही लागलेलं नाही. आता तिथे लिहिलंय — अंड्याचा पाव, एक. कॅलरी १०७, कार्ब १८ ग्रॅम, प्रथिनं ३, चरबी २. खाली लाल शाईत: आठवड्यातून एकच!

पोटची पोर मला पावाचं रेशन लावते. उन्हाळ्यात मला शुगर निघाली आणि जानेल बाडबिस्तरा घेऊन घरी राहायला आली, काळजी म्हणून. औषधांच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे मीही तिला गिऱ्हाईकच वाटते. मी म्हटलं, हे पाव खाऊनच तू एवढी उंच झालीस. तर म्हणते, "आई, वाद नको. आकडे बघ." आकडे! लोणी, दूध, अंडी, मैदा घालून मी हाताने पीठ मळते. त्यात आकडे कधी घातलेले मला आठवत नाहीत.

२६ ऑक्टोबर, रविवार

कागद काढून टाकला. चर्चमधून येईपर्यंत दुसरा लागलेला. याला चारी बाजूंनी चिकटपट्टी.

२ नोव्हेंबर, रविवार

आज केले पाव. आठवड्यातून एक ना? ठीक. पण एक पाव म्हणजे केवढा, ते कुठे लिहिलंय त्या कागदावर? नाहीच लिहिलेलं. मी चष्मा लावून दोनदा वाचलं.

सासूबाईंच्या मापाने केले. मळणीच्या दिवसांत शेतावर गडी जेवायला बसायचे, तेव्हा त्या पुरुषाच्या मुठीएवढा गोळा ओव्हनच्या ट्रेमध्ये लावायच्या. गोळे एकमेकांना चिकटून फुगायचे, म्हणून कडा मऊ राहायच्या. बाहेर काढल्याबरोबर वरून लोणी. मी तस्सेच केले. आणि एकच खाल्ला, अगदी कायद्यात राहून. समोर बसून जानेलने "अठरा ग्रॅम" म्हटलं, मीही मान डोलावली.

जेवणानंतर बोट टोचलं आणि आकडा बघून तिचा चेहरा पडला. अठरा ग्रॅमने एवढी शुगर चढूच शकत नाही, मशीनच बिघडलंय म्हणाली. मी भांडी घासत स्तोत्र गुणगुणत होते. वरच्या पट्टीत.

३ नोव्हेंबर, सोमवार

वजनकाटा आणला बाईसाहेबांनी. उरलेला पाव त्यावर ठेवला. शंभर ग्रॅमच्या जवळपास! तिच्या कागदातला पाव पस्तीस ग्रॅमचा निघाला.

"आई, हे तीन पाव आहेत."

"मला तर एकच दिसतोय."

तिला हसू आलं होतं. मला कळतं, माझीच मुलगी आहे. पण तोंड फिरवून जिना चढून गेली. मग कागदावर लाल शाईत "पस्तीस ग्रॅम" वाढलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज गावातल्या हार्लन ब्रेक्केला शेवटचा निरोप दिला. नंतर चर्चच्या तळघरात जेवण. वाढायची पाळी आमच्या महिला मंडळाची, म्हणजे पाव माझे. मधोमध कापून लोणी लावायचं आणि आत हॅम. या गावात कुणी त्याशिवाय मेलेलं नाही.

एवढ्या पावांचं पीठ मळलं आणि मला एक मिळू नये! ताटलीत घेणार तोच ल्युव्हर्नने हात आडवा घातला. शाळेपासूनची माझी मैत्रीण! "अगं आर्डिस, जानेलचा फोन आला होता सकाळी." नुसता तिला नव्हे, कॉफीच्या किटलीपाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना आला होता. पास्टरबाईंनासुद्धा. गावभर वर्दी!

मी सगळ्यांच्या देखत पाव उचलला आणि उभ्यानेच खाल्ला. हार्लनच्या नावाने, म्हटलं. ल्युव्हर्नने हात मागे घेतला.

पण खरं लिहायचं तर अर्धाच गेला. उरलेला रुमालात गुंडाळून आणला. हल्ली दोन घासांत पोट भरतं. जानेलला सांगणार नाही, नाहीतर त्याचंही श्रेय घेईल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरांकडे. वजन चांगलंच उतरलंय. जानेल अशी खुलली जणू तिचाच पहिला नंबर आला. "बघितलंस? आकडे पाळले की असं होतं." मला मनातल्या मनात हसू येत होतं. पाळलेत कुणी!

डॉक्टर मात्र हसले नाहीत. पोट दाबून पाहिलं. पाठ कधीपासून दुखते, विचारलं. मी म्हटलं, पीठ मळणाऱ्या बाईची पाठ दुखणारच. तर म्हणे फार्गोच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन पोटाचा स्कॅन करून या. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून निकाल कळवायला जानेलचा नंबर दिला.

परतताना गाडीत मीच बडबड केली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फार्गोला जाऊन आले. थंडगार नळीत झोपवलं. सकाळपासून उपाशी! बाहेर आल्यावर जानेलने खायला काय दिलं — बिनसाखरेचं बिस्कीट.

२० नोव्हेंबर, गुरुवार

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणावरून जुंपली. टर्की चालेल, रताळी थोडी चालतील, आणि पाव फुलकोबीचे! कुठल्याशा मासिकात आलेत. मी म्हटलं, फुलकोबीला पाव म्हणायचं असेल तर मला बिशप म्हणा.

मग मी बोलले. जे मनात होतं ते सगळं. या घरात मी लग्न होऊन आले त्या वर्षीपासून थँक्सगिव्हिंगला माझे पाव आहेत. तुझा बाप आजारी होता तेव्हाही होते. शुगर माझी, तोंड माझं, मरणही माझंच असेल. मला एकेका घासाचा हिशेब देत म्हातारं व्हायचं नाही. तिचे डोळे भरून आले. "मला तू हवी आहेस, आई. म्हणून मोजते मी," एवढंच म्हणाली.

वाईट वाटलं. पण मी मागे हटले नाही. शेवटी तह झाला: पाव माझेच, पण पस्तीस ग्रॅमचे, काट्यावर तोलून, आणि मला एक.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पस्तीस ग्रॅमचा एक करून पाहिला. गोटी! ल्युव्हर्न यायची आहे त्या दिवशी जेवायला, तिच्यापुढे मी गोट्या वाढू?

२६ नोव्हेंबर, बुधवार

तह मोडला. मोठेच केले!

जानेल बराच वेळ गॅरेजमध्ये फोनवर होती, तेवढ्यात गोळे लावून ओव्हनमध्ये सरकवले. आत आली तेव्हा घरभर वास सुटलेला. तिने ओव्हनमधला ट्रे पाहिला. मी कंबरेवर हात ठेवून तयारच होते — मागची सगळी उत्तरं पाठ. तर तिचे डोळे लाल, गॅरेजमध्ये थंडी फार म्हणाली. मग माझ्या हातातलं लोणी घेऊन स्वतःच पावांना लावलं.

दमली बहुतेक. मी जिंकले! इतक्या सहज जिंकेन असं वाटलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

फ्रिजवरचा कागद नव्हता. बोट टोचलं नाही. जानेलने मोठा पाव माझ्या ताटात ठेवला, मी अर्धा खाते न खाते तोच दुसरा ठेवला. लोण्यासकट. "खा गं आई. आज काही मोजायचं नाही." माझ्याकडे न बघता.

म्हणजे काल गॅरेजमधला फोन फार्गोचा होता, स्कॅनच्या निकालाचा.

मी दुसरा पाव उचलून परत टोपलीत टाकला. म्हटलं, "एकच. आणि तोही मोजून दे मला."