टोपणावरचं कुंकू

मामंजी, आज सकाळी नातवाची स्कूटर सुरू होईना. किक मारून मारून बिचारा घामाघूम झाला, आणि मी ओट्यावरून ओरडले, "अरे, आधी टाकीच्या टोपणाचं भोक बघ!" सगळं घर माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. म्हातारीला इंजिनातलं काय कळतं? भोक मोकळंच होतं, टाकीत पेट्रोल नव्हतं. त्यावरून दिवसभर माझी टिंगल चालली आहे. पण तुम्ही जे डोक्यात येऊन बसलात ते उठायला तयार नाही, म्हणून नातीच्या वहीतलं पान फाडून लिहायला बसले. सासरा म्हणून तुमच्यासमोर उभ्या जन्मात मी दहा वाक्यं बोलले नसेन. पदर सावरायचा, ताट वाढायचं आणि दाराआड व्हायचं, एवढंच आपलं बोलणं. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली, मी आता पुंडलिकनगरात सुनेच्या राज्यात राहते. आता बोलायला कुणाची भीती?

औरंगाबादहून नगरकडे जाताना गोदावरी लागायची. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं, आणि मधल्या पाण्यात तुमची लाँच. म्हणजे सरकारची, तामिरात म्हणजे बांधकाम खात्याची. पण गावात सगळे 'मिस्त्रीची लाँच' म्हणत. छावणीत साहेबांच्या मोटारी दुरुस्त करत तुम्ही ते काम शिकलात, आणि त्या इंजिनावर तुमचा असा जीव की आत्याबाई, माझ्या सासूबाई, त्याला आपली सवतच म्हणायच्या. हँडल मारण्याआधी तुम्ही त्याच्यावर एकदा हात ठेवायचात, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मी हे सगळं घाटावर धुणं धुता धुता बघायचे. नवी सून होते, बघण्याशिवाय करण्यासारखं दुसरं काय होतं?

त्या वर्षी माझा दादा मला सासरी पोचवायला आला आणि खंडेनवमीपर्यंत राहिला. संध्याकाळची शेवटची फेरी झाल्यावर आत्याबाईंनी पूजेचं ताट माझ्या हातात दिलं. "यंदा इंजिनाला तू कुंकू लाव." घरातल्या लक्ष्मीचाच मान तो. मी ओलं कुंकू चांगलं दाट कालवलं. सगळं इंजिन तेलकट, काळं. कुठं लावावं कळेना. वर टाकीचं पितळी टोपण तेवढं लखलखीत, कपाळासारखं गोल, आणि बरोबर मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. मला वाटलं, कुणीतरी कुंकवाची जागाच आखून ठेवली आहे. अंगठ्यानं दाबून, मन लावून कुंकू भरलं.

दसऱ्याच्या सकाळी दादाला माहेरी परतायला पलीकडे जायचं होतं. नदीचं पाणी उतरलेलं नव्हतं, होडीवाले धजत नव्हते. तुम्ही हँडल मारलंत, इंजिनानं चार ठोके दिले आणि बंद. पुन्हा चार ठोके, पुन्हा बंद. मग नुसतंच गप्प. तुम्ही प्लग काढून पुसलात, ठिणगी पाहिलीत. ठिणगी निळी, सणसणीत. टाकीत काडी घालून पाहिलीत, पेट्रोल भरपूर. टोपण लावून पुन्हा हँडल, पुन्हा तेच चार ठोके. घाटावर माणसं जमली. मी तुमची भाकरी घेऊन पायऱ्यांवर उभी, आणि माझ्या मागे दोघीजणी कुजबुजत होत्या, "काल नव्या सुनंनं हात लावला अन् आज इंजिन बसलं. पायगुण म्हनायचा, दुसरं काय." आत्याबाई जवळच होत्या. त्यांनी माझ्याकडे वळून एकदा बघितलं. ते बघणं अजून आठवतं.

दुपारी करोडगिरीच्या नाक्यावरून, म्हणजे जकातीच्या चौकीवरून, तामिरातचे दरोगासाहेब उतरून आले. एक नवा ड्रायव्हर त्यांनी हेरून ठेवला होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. "क्या मिस्त्री, सुबे से क्या कर रै? तुमारे से होता नै तो बोल देव." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "हौ साब, देखता हूं." घाई नाही, चिडचिड नाही. खालची नळी सोडवलीत. पेट्रोलची धार आली, बारीक झाली, थेंबावर आली, थांबली. तुम्ही उकिडवे बसून त्या नळीकडे बघत राहिलात. मग हात वर करून टोपण सैल केलंत, आणि धार पुन्हा लागली. टोपण घट्ट केलंत, थोड्या वेळानं थांबली. तेव्हा तुम्ही टोपण हातात घेतलंत, त्यावर अंगठा फिरवलात. अंगठा लाल झाला. तुम्ही वर पाहिलंत, सगळ्या गर्दीतून थेट माझ्याकडे. मग अंगठा धोतराला पुसून टाकलात, बाभळीच्या काट्यानं भोक मोकळं केलंत आणि पहिल्याच हँडलला इंजिन धडधडू लागलं.

"क्या था?" दरोगासाहेबांनी विचारलं.

"मैल अटक्या था साब. टोपन साफ नै किया मैं. गलती मेरी."

तीन शब्दांत तुम्ही सांगू शकला असतात की सुनेनं कुंकू भरलं. लाँच तुमच्याकडे राहिली असती, नाव माझं गेलं असतं. दरोगासाहेबांनी तिथंच पाटीवर कागद ठेवून तुमची गलती लिहून घेतली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला लाँचवरून काढून पाणी उपसायच्या पंपावर बसवलं. नवा ड्रायव्हर हँडल मारायचा त्याचा आवाज घरापर्यंत यायचा, आणि तुम्ही जेवता जेवता थांबायचात.

त्या संध्याकाळी दादाला सोडून तुम्ही परत आलात तेव्हा मी परसात बसून रडत होते. तुम्ही दाराशी उभे राहिलात, माझ्याकडे पाठ करून. "रडू नगं पोरी. कुनाला कळलं नाय. त्या भोकातनं टाकीला दम मिळतो, दम कोंडला की पेट्रोल खाली येत नाय. तुला काय ठावं?" आणि पुढच्या खंडेनवमीला पंपावर ताट घेऊन आले, तर हसून म्हणालात, "लाव की. फकस्त टोपनाला नगं." माझ्या जन्मदात्यानंही मला इतक्या मायेनं कधी समजावलं नव्हतं.

आपला घाट आता धरणाच्या पाण्याखाली गेला, पंपही गेला. हे पान तुम्हाला पोचायचं नाही, कुंकवाच्या डब्याखाली ठेवून देईन. पण एक सांगायचं राहिलंय, मामंजी. परसात मी त्या कुंकवासाठी रडत नव्हते. दादा गेला म्हणून रडत होते. तुम्ही सकाळपासून घाम गाळत होतात, दरोगा तुमच्या डोक्यावर उभा होता, आणि मी भाकरीच्या फडक्याखाली हात जोडून देवाला म्हणत होते, हे इंजिन आज सुरू होऊ देऊ नकोस.