सव्वा तास वीज आणि छगनची म्हैस

घोडेगाव, शनिवार

श्री. सहादेव दाजींना मच्छिंद्रचा वाकून नमस्कार. राहीताईला आणि निकिताला आठवण सांगा. इकडे आईचा गुडघा सोडून सगळं ठीक. तुमच्या पित्ताचं काय? (ते माझ्यामुळे वाढतं असं ताई म्हणते, म्हणून जपून लिहितोय. साधेल असं वाटत नाही.)

तर तो राउटर. तुम्ही साहेबांना गळ घालून कंपनीच्या भंगारातून तो मिळवलात, आणि वर 'माझा मेव्हणा नेटवर्किंगची परीक्षा काढणार, मग त्याला चिकटवून घ्या' असा शब्द देऊन बसलात. परीक्षा येत्या मंगळवारच्या पुढच्या मंगळवारी, आणि सराव करायचं मशीन अजून मुकं. भंगारात टाकताना त्याच्या पोटातला प्रोग्राम पुसलेला आहे. तुम्ही दिलेल्या चार फ्लॉप्यांतला प्रोग्राम कॉम्प्युटरवरून वायरीनं त्यात भरायचा. त्याला सव्वा तास लागतो, आणि तेवढ्यात विजेनं एक डुलकी जरी घेतली तरी पुन्हा पहिल्यापासून.

आता आमच्या भिंतीला भिंत लावून छगनची पिठाची गिरणी, हे तुम्हाला माहीत आहेच. (लग्नात तुमच्या काळ्या कोटावर पीठ उडालं होतं ती हीच.) त्यानं गिरणी चालू केली की आमचा बल्ब लाल होतो, कॉम्प्युटर मान टाकतो आणि राउटर झोपतो. चार वेळा झोपला. रात्री करावं तर शिवारातल्या सगळ्या मोटारी चालू, बल्ब तेवढाही लाल होत नाही. छगनच्या हातापाया पडलो तर म्हणाला, "मच्छिंद्रा, तुजं मशीन भाकरी खातं का? न्हाई ना? मंग गावाला खाऊ दी की."

राहिला शुक्रवार. शुक्रवारी जनावरांचा बाजार, गिरणी बंद, त्यात छगन स्वतःचीच म्हैस विकायला गेलेला. सकाळी नऊला सुरू केलं. पडद्यावर एक निळी पट्टी गोगलगाईसारखी सरकते, आपण नुसतं बघायचं. दाजी, मला बसवत नाही हे तुम्ही जाणता. (आयटीआयमधला फिटरचा वर्ग मी बाहेरून, खिडकीतूनच जास्त बघितला.) तरी पन्नास टक्क्यांपर्यंत मांडी मोडली नाही. मग आईला खुर्चीत बसवलं, कशालाही हात लावू नको म्हणून बजावलं आणि जरा पाय मोकळे करायला बाजारात गेलो.

तिथं छगनची म्हैस दोन तास अडलेली. घ्यायला बन्सी व्यापारी. तिथली रीत अशी की भाव तोंडानं बोलायचा नाही, उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची. दोघंही एकेका बोटावर हटून बसलेले, म्हैस कंटाळून खाली बसलेली. मला राहवेना. मध्ये शिरलो, एक हात याच्या उपरण्यात, एक त्याच्या, इकडचं बोट तिकडं करून पाच मिनिटांत सौदा जुळवून दिला. बन्सी म्हणाला, "ह्ये प्वार परीक्षेत कशाला घालताय? बाजारात बसवा." छगननं मला मिठी मारली आणि तडक निघाला. मला वाटलं चहाला गेला असेल. मी जिलबीच्या कढईपाशी रेंगाळलो, आणि घराच्या अंगाला गिरणीचा पट्टा वाजायला लागला.

पळत आलो. पडदा काळा. आई हात मांडीवर ठेवून तशीच बसलेली. (साक्षरतेच्या वर्गात आकडे शिकली आहे.) म्हणाली, "म्या न्हाई हात लावला. चौऱ्यान्नव हुतं." भिंतीपलीकडून छगन ओरडला, "मच्छिंद्रा, लई उपकार झालं बघ! पैलं तुज्याच घरचं दळतोय, फुकट!"

दोष त्याला कसा देऊ? सौदा मीच लवकर मिटवला. पुढचा बाजार येत्या शुक्रवारी, म्हणजे अभ्यासाला उरतात तीन दिवस. दाजी, माझं जाऊ द्या, तुमचा शब्द पडतो.

आपला मेव्हणा,
मच्छिंद्र

ता. क. : आईनं त्या फुकटच्या पिठातलं दोन पायली ताईसाठी बांधून ठेवलंय.

ता. क. : हे नगरमध्ये, तुमच्याच घरी बसून लिहितोय. पत्र पेटीत टाकायला निघालो तर पेटीशेजारी एसटी उभी होती. पीठ, राउटर, फ्लॉप्या, सगळं पोचलं. दहा दिवस तुमच्याकडे राहू का, असं विचारायचं होतं. तुम्ही ड्युटीवर होतात, ताई हो म्हणाली.

ता. क. : ताई हे पत्र तुमच्या हातात दारातच देईल. मशीन पावणेतीनला तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडून सुरू केलंय, पाण्याची मोटार लावू नका. मी समोरच बसलेला दिसेन. काही विचारू नका दाजी. उत्तर द्यायला एकदा उठलो की मी परत बसत नसतो. रागवायचं ते चारनंतर रागवा.