निळ्या सायकलीची किल्ली

डौवे,

साठी उलटल्यावर पहिल्यांदा अ‍ॅम्स्टरडॅम बघतेय, तेही तुला शोधायला. भाड्याची सायकल घेऊन तीन दिवस कालव्याकालव्यानं फिरतेय. काल पुलाच्या चढावर दम लागून रेंगाळले, तर मागून एक पोरगी ओरडली, "आजी, सायकल चालवताय की गाय हाकताय?" मी म्हटलं, "गाय बरी गं, ती मागून ओरडत नाही." तू असतास तर हसला असतास.

तुझ्या खोलीत आता दुसरंच कुणी राहतं. तू कुठे गेलास, त्यांना ठाऊक नाही.

आज दुपारी कालव्यातून सायकली काढणारी नाव दिसली. तिच्या लोखंडी पंजातून एक निळी सायकल वर आली. गोठ्याच्या दाराचा उरलेला रंग मीच तिला फासला होता, म्हणून चिखलातही ओळखली. मागच्या चाकाचं कुलूप लागलेलंच होतं.

"चोराला कुलूप तोडता आलं नाही, की रागानं ढकलतो पाण्यात," नावेवरचा माणूस म्हणाला. "तुमची होती का, मावशी?"

म्हणजे सायकल चोरीला गेली, हे तू खरं सांगत होतास. आणि मी फोनवर म्हणाले होते, "दारूपायी विकलीस तू. आधी सायकल दाखव, मगच या दारात पाय ठेव."

दुसरी किल्ली मी घरून आणली होती. गंजलेल्या कुलपात घालून पाहिली, आत गेली पण फिरली नाही.

सायकल पाहिली रे मी. आता घरी ये, हे कुठल्या पत्त्यावर कळवू?

तुला खोटं ठरवणारी,
आई